शिवारातली नोंद आणि फलकावरचा आकडा



ऊस लावला की शेतकऱ्याचे पहिले काम पाणी देणे आणि दुसरे काम नोंद देणे. पहिल्या कामात आपण सहसा चुकत नाही. दुसरे मात्र "चिटबॉय येईल तेव्हा बघू" म्हणून बांधावर ठेवून देतो आणि पुढे पंधरा-सोळा महिन्यांनी तोडीची पाळी लागेना झाली, की गट कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो. तिथे उत्तर मिळते, "तात्या, तुमची लागण कॉम्प्युटरला डिसेंबरची दिसतीय." तात्या म्हणतात, "अरे बाबा, आषाढात लावलाय ऊस. सारा गाव साक्षीला आहे." पण गावाची साक्ष कॉम्प्युटरला चालत नाही. त्याला रकान्यात जे दिसते तेवढेच खरे.

असे का होते आणि होऊ नये म्हणून नोंद घेण्याचे साधन कसे निवडावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय ऑफिसातला वाटेल. पण त्याचा शेवट आपल्या उसाच्या वजनात आणि बिलात होतो, म्हणून सभासदांनी तो समजून घेणे हितावह आहे.

सध्या कारखान्या-कारखान्यातून 'डॅशबोर्ड' हा शब्द फार ऐकू येतो. ट्रॅक्टरवर बसल्यावर समोर काट्यांची जी पाटी दिसते, तिचेच हे नाव. डिझेल किती उरले, इंजिन किती तापले, हे ड्रायव्हरला खाली न उतरता कळते. कारखान्याचा डॅशबोर्ड म्हणजे असाच एक फलक. आज गाळप किती झाले, उतारा किती पडला, काट्यासमोर वाहने किती उभी आहेत, कोणत्या गटात किती तोड बाकी आहे, हे चेअरमन, कार्यकारी संचालक आणि शेतकी अधिकारी यांना एका पडद्यावर दिसते. चांगलीच गोष्ट आहे. पण डिझेलच्या टाकीतला तरंगता गोळा अडकला, तर समोरचा काटा 'फुल्ल' दाखवत राहतो आणि ट्रॅक्टर माळावर बंद पडतो. अशा वेळी पाटीवरची काच कितीही चकचकीत असली तरी तिचा काय उपयोग? बिघाड टाकीत असतो.

हे फलक विकायला येणारी मंडळी रंगीत आलेख दाखवतात, तबकडीसारखी वर्तुळे दाखवतात. टाकीत हात घालून कोणी दाखवत नाही. ते आपणच विचारले पाहिजे. या फलकातला आकडा कोणी लिहिला? कुठे उभे राहून लिहिला? कशावर लिहिला?

यंत्राचा आकडा आणि माणसाचा आकडा

कारखान्यात आकडे दोन जातीचे असतात. एक, यंत्र स्वतः देते तो. वजनकाट्यावर गाडी चढली की वजन काट्यातून सरळ संगणकात जाऊ शकते. तिथे मध्ये माणसाने पाहून टाइप करण्याचे कारण नाही. माझे मत असे की जो आकडा यंत्र लिहू शकते तो माणसाला लिहायला लावू नये. त्यात चूकही टळते आणि संशयही टळतो. वजनावरून सभासद आणि कारखाना यांच्यात जेवढे वाद झाले, तेवढे दुसऱ्या कशावरून झाले नसतील. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास वर्षाला पंधरा टक्के दराने व्याज द्यावे लागते. हे चौदा दिवस मोजायचे ते काट्याच्या पावतीवरील तारखेपासून. तेव्हा ती तारीख कोणाच्या बोटावर अवलंबून नसावी हेच बरे.

दुसऱ्या जातीचे आकडे माणसांनीच गोळा करावे लागतात. उसाची नोंद ही त्यातली सगळ्यात मोठी. कार्यक्षेत्रातील शेकडो शिवारांतून पंचवीस-पन्नास माणसे हिंडतात. कोणी सकाळी लिहितो, कोणी रात्री घरी जाऊन आठवणीने लिहितो. कोणाचे अक्षर मोत्यासारखे, कोणाचे त्यालाच लागत नाही. या सगळ्यांचे लिखाण एका साच्यात कसे बसवायचे, हा खरा प्रश्न आहे.

शेतकी खात्यात बरीच वर्षे काढलेल्या माणसाला या नोंदींच्या खोडी पाठ असतात. त्यातल्या तीन-चार सांगतो.

पहिली खोडी तारखेची. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. अमेरिकेत महिना आधी लिहितात. कॉम्प्युटर जर अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला असेल आणि त्यातल्या एक्सेलच्या तक्त्यात १२/०७/२०२५ असे टाइप केले, तर बारा जुलैची लागण सात डिसेंबरची होऊन बसते. म्हणजे १४८ दिवसांचा फरक. आडसाली ऊस एका बोटाने सुरूच्या शेजारी जाऊन बसला. गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशीची, म्हणजे १३/०७ ची लागण लिहिली तर तेरावा महिना नसल्याने कॉम्प्युटर ती तारीख समजतच नाही, नुसती अक्षरे म्हणून ठेवतो. म्हणजे त्याच वहीत महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या लागणी चुकतात आणि उरलेल्या तारखा पाळीपत्रकातून गळतात. पाळीपत्रक लागण तारखेच्या क्रमाने लावायचे, ते असे लागले तर दोष कोणाला द्यायचा? चिटबॉयने बरोबर लिहिले होते, टाइप करणाऱ्यानेही बरोबर टाइप केले होते.

दुसरी खोडी जातीची. आपल्याकडे को ८६०३२ हा ऊस मोठ्या प्रमाणावर आहे. कोणी त्याला '८६०३२' लिहितो, कोणी 'को-८६०३२', कोणी 'नीरा', कोणी मधे टिंब देतो. माणसाला हे सगळे एकच. कॉम्प्युटरला या चार जाती. मग फलकावर जातवार क्षेत्र दाखवले जाते, त्यात एकाच उसाचे चार तुकडे पडतात. फुले २६५ चे नाव कोएम ०२६५. त्यातला नुसता आकडा टाइप केला की तक्ता पुढचे शून्य खाऊन टाकतो. आणि चुकून तारखेच्या साच्याच्या रकान्यात ८६०३२ पडले, तर एक्सेल त्याची इसवी सन २१३५ मधली तारीख करून दाखवतो. एवढा उशिरा ऊस तोडायचा म्हणजे आपल्या पणतवंडांनी कोयते पाजळून ठेवावेत!

तिसरी खोडी क्षेत्राची आणि ही सगळ्यात महागात पडते. आपण बोलतो एकरात आणि गुंठ्यात. सात-बारा असतो हेक्टर-आरमध्ये. एक एकर म्हणजे जवळपास चाळीस आर, म्हणजे ०.४० हेक्टर. रकाना हेक्टरचा आणि लिहिणाऱ्याने सवयीने '१' लिहिले, तर अडीच पट ऊस कागदावर उभा राहतो. उलटही होते. आता हिशेब करून बघा. समजा, एका कारखान्याची रोजची गाळप क्षमता पाच हजार टन आहे आणि नोंदीवरून आठ लाख टन ऊस दिसतो. १६० दिवसांचा हंगाम धरला, तेवढ्या टोळ्यांना उचल दिली, वाहनांचे करार केले. प्रत्यक्षात ऊस निघाला सव्वासात लाख टन. म्हणजे १४५ दिवसांत गव्हाण रिकामी. पंधरा दिवसांच्या टोळ्यांचा आणि वाहनांचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो? कारखान्याच्या, म्हणजेच आपल्या.

नावांची खोडी तर बोलूच नये. एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि वडिलांचेही नाव तेच असलेले दोन-तीन सभासद निघतात. म्हणून नोंद नावाने नव्हे, सभासद क्रमांकाने आणि शेताच्या गट नंबराने झाली पाहिजे. नाव कॉम्प्युटरने स्वतः दाखवावे आणि लिहिणाऱ्याने फक्त 'होय' म्हणावे. शिवाय जुन्या मराठी फाँटात टाइप केलेल्या याद्या नव्या प्रणालीत उघडल्या की कावळ्या-चिमण्यांच्या पायांसारख्या दिसतात. त्या युनिकोडमध्ये बदलून घेण्याचे काम आधी, बाकीचे सगळे नंतर.

वही, तक्ता, फॉर्म की ॲप?

वहीला नावे ठेवण्याची सध्या पद्धत पडली आहे. मी ठेवणार नाही. वही पावसात भिजते खरी, पण तिला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही, आणि खाडाखोड केलेली दिसते. हा शेवटचा गुण फार मोठा आहे. कोणी जुना आकडा खोडून नवा लिहिला, तर वही ते लपवत नाही. नवीन साधन घेताना पहिला प्रश्न हा विचारावा, की यात केलेली खाडाखोड दिसते का? कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते का? राहत नसेल तर ते साधन वहीपेक्षा मागासलेले आहे, मग त्याची किंमत काहीही असो.

एक्सेलचा तक्ता हिशेबाला उत्तम. एका माणसाने, एका टेबलावर बसून, आपल्यापुरता वापरावा. पाच गटांतून पाच माणसे तोच तक्ता भरू लागली की 'नोंद फायनल', 'नोंद फायनल २', 'नोंद फायनल नवीन' अशी पिलावळ होते आणि खरा कोणता ते शेवटी कोणालाच सांगता येत नाही. मोठमोठ्यांची यात फजिती झालेली आहे. २०२० साली कोरोनाच्या साथीत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांचे निकाल एकत्र करताना एक्सेलच्या जुन्या प्रकारची फाइल वापरली. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. जास्तीच्या ओळी गुपचूप गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्याभरातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. नव्या प्रकारच्या फाइलीत दहा लाखांवर ओळी मावतात, पण धडा ओळींचा नाही. भरून वाहणारे भांडे आवाज करीत नसेल तर ते गळके आहे असे समजावे.

तिसरे साधन म्हणजे गूगल फॉर्मसारखे फुकट मिळणारे फॉर्म. यात प्रश्न आधीच ठरवता येतात. जात टाइप करायची नाही, यादीतून निवडायची. तारीख लिहायची नाही, कॅलेंडरवर बोट ठेवायचे. क्षेत्राला मर्यादा घालता येते. समजा, एका नोंदीत पाच हेक्टरच्या वर आकडा गेला, तर फॉर्म अडून बसतो. भरलेली माहिती आपोआप एका तक्त्यात जमा होते आणि त्या तक्त्यावरून फलकही फुकटात उभा करता येतो. बेण्याची मागणी, माती परीक्षणाचे नमुने, वाहनांची नादुरुस्ती, असल्या एकदाच लिहून संपणाऱ्या गोष्टींना यापेक्षा जास्त काही लागत नाही. त्यासाठी लाखांचे टेंडर काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र उसाच्या नोंदीला हा फॉर्म तोकडा पडतो. कारण उसाची नोंद एकदा लिहून संपत नाही. आज लागण, पुढे पाहणी, मग तोड, मग खोडवा. तेच शेत वर्षानुवर्षे चालू राहते. फॉर्ममध्ये प्रत्येक वेळी नवी ओळ पडते आणि एकाच शेताच्या पाच ओळींतली खरी कोणती हे कोणी ठरवायचे? दुसरी अडचण रेंजची. हा फॉर्म पाठवताना इंटरनेट लागते. नदीकाठच्या मळीत, पुरुषभर उंचीच्या उसात उभे राहून ते मिळेलच असे नाही. मग चिटबॉय काय करतो? हातावर किंवा तंबाखूच्या पुडीवर लिहून घेतो आणि रात्री घरी जाऊन भरतो. म्हणजे पुन्हा आठवणीचा कारभार.

यावर उपाय म्हणून रेंजशिवाय चालणारी साधने निघालेली आहेत. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ च्या सुमारास ओडीके नावाचे साधन सुरू झाले. ते कोणालाही वापरायला खुले आहे. त्याच जातीचे कोबो टूलबॉक्स हे साधन साथीच्या, पुराच्या, दुष्काळाच्या कामात जगभर वापरले जाते. मोबाइलमध्ये फॉर्म उतरवून घ्यायचा, शिवारात भरायचा, गावात रेंज आली की तो आपोआप पुढे जातो. सोबत फोटो घेता येतो, जागेचा ठिपका घेता येतो, बांधावरून चालत फिरून क्षेत्रही मोजता येते. अर्थात मोबाइलची मोजणी म्हणजे भूमापन खात्याची मोजणी नव्हे. साध्या मोबाइलला चार-पाच मीटरचा फरक सहज पडतो. दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा धरला तर त्याची बाजू सुमारे बत्तीस मीटर. एका बाजूला पाच मीटर सरकले की दीड गुंठा इकडचा तिकडे झाला. दोन-चार एकरांच्या पट्टीत तो फरक झाकून जातो, लहान तुकड्यात जात नाही. तेव्हा लहान तुकड्यांना साखळी किंवा टेपच बरी.

मोठ्या कारखान्यांसाठी तयार प्रणालीही मिळतात. नोंद, तोड, काटा, बिल सगळे एकत्र. त्या घ्याव्यात की नाही हे पैशावर आहे, पण दोन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात. एक म्हणजे भाडे. काही ठिकाणी ते दर माणशी, दर महिना असते. आपले काम हंगामी. गाळप चालू असते तेव्हा शंभर माणसे लागतात, पावसाळ्यात पंचवीस. रिकाम्या खुर्च्यांचे भाडे बारा महिने द्यायचे का? दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. उद्या ही प्रणाली सोडायची ठरली, तर आपल्या नोंदी आपल्याला सगळ्याच्या सगळ्या, दुसरीकडे वापरता येतील अशा रूपात, किती दिवसांत परत मिळतील? याचे उत्तर गोलमाल आले तर पुढची बोलणी करू नयेत. बैल भाड्याने घेताना वेसण आपल्या हातात असावी लागते.

वारणेचा दाखला

आपल्या भागापुरते बोलायचे तर या बाबतीत वारणानगरचा अनुभव मोलाचा आहे. १९९८ साली तेथे केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा समूह यांनी मिळून 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प हाती घेतला. परिसरातील सुमारे सत्तर गावे त्यात धरली होती. गावोगाव संगणकाची केंद्रे झाली, ती कारखान्याशी जोडली गेली. त्या काळी मुंबई-पुण्यातही घरात संगणक असणे नवलाचे होते. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, शासकीय माहिती असे पुष्कळ काही गावात मिळावे असा मोठा हेतू होता.

पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन संस्थेतील मंडळींनी तेथे जाऊन पाहिले, की या संगणकांचा प्रत्यक्ष वापर कशासाठी होतो. तेव्हा असे दिसले की मुख्य वापर गाव आणि कारखाना यांच्यातील ऊस-खात्याच्या नोंदी इकडून तिकडे नेण्यापुरता आहे. मग त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस. ठरावीक पद्धतीने संदेश पाठवायचा आणि आपल्या खात्याची माहिती उलट संदेशाने घ्यायची. संगणकावर जे होत होते ते सारे त्या साध्या मोबाइलवर झाले. खर्च कमी आला, शेतकऱ्यांना केंद्रापर्यंत चालत जावे लागले नाही, आणि त्यांना ही पद्धत जास्त पसंत पडली.

यावरून कोणी वारणेने संगणक आणले ते वाया गेले असे म्हणेल, तर ते चूक आहे. संगणकांनी सगळ्या नोंदी एका शिस्तीत आणल्या नसत्या तर मोबाइलवरून विचारायचे तरी काय? माझ्या मते त्यातून घेण्यासारखे हे, की साधन निवडण्याआधी चार दिवस गट कार्यालयात नुसते बसून बघावे. लोक खरोखर काय विचारायला येतात? "माझी पाळी कधी?" "माझे वजन किती भरले?" "बिल कधी जमा होणार?" या तीन प्रश्नांपलीकडे फारसे कोणी जात नाही. जे साधन या तिन्हींचे खरे उत्तर देते ते चांगले. बाकीची वर्तुळे आणि आलेख नंतर बघता येतील.

फलकाला फसवणारी माणसे

आता थोडे कडू. साधन कितीही चांगले आणले तरी लिहिणाऱ्याचा आणि लिहून देणाऱ्याचा स्वार्थ त्यात उतरतोच. फलकावर जर गटवार नोंदीची चढाओढ लावली, अमक्या गटात इतके हेक्टर, तमका गट पहिला, तर हेक्टर वाढतात. ऊस वाढत नाही. कर्मचाऱ्याला शाबासकी नोंदीवर द्यायची असेल, तर ती नोंद आणि प्रत्यक्ष आलेला ऊस यांच्या मेळावर द्यावी.

आपणही काही कमी नाही. एकच ऊस दोन कारखान्यांकडे नोंदवून ठेवायचा आणि ज्याची टोळी आधी येईल त्याला घालायचा, हा धंदा आपल्यात किती जण करतात ते सांगायला नको. त्यामागे कारणेही आहेत. तोड वेळेवर मिळाली नाही तर उसाला तुरे येतात, वजन घटते, आणि रानात पुढचे पीक घेता येत नाही. माणूस दोन ठिकाणी हात मारून ठेवतो तो भीतीने. पण याने दोन्ही कारखान्यांचे फलक खोटे होतात आणि ज्याने प्रामाणिकपणे एकाच ठिकाणी नोंद दिली, त्याची पाळी त्या खोट्या हेक्टरांखाली दबते.

शासनाने याबाबत पावले टाकलेली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, तिच्यात शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो आणि नोंद देतो. २०२२ साली साखर आयुक्तालयाने 'महा-ऊस नोंदणी' हे ॲप आणले, त्यात शेतकऱ्याला कारखान्याकडे ऊस नोंदवण्याची सोय केली. या दोन्हींमागचा विचार मला पटतो. ज्याचे रान आहे त्याच्या हातून पहिली नोंद व्हावी आणि कारखान्याच्या माणसाने ती पाहून पक्की करावी. अनुभव मात्र सगळ्यांना सारखा येत नाही. म्हातारे सभासद, साधा फोन असलेले सभासद यांना हे जमत नाही आणि मग शेजारच्या पोराच्या हातात फोन द्यावा लागतो. म्हणून कोणतेही ॲप आणले तरी चिटबॉयची फेरी बंद करू नये.

आणखी एक बाब. या नोंदींबरोबर आपला आधार क्रमांक, बँक खाते, फोन नंबर, सात-बारा हे सगळे कॉम्प्युटरात जाते. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. फलकावर गटाचे आकडे दिसावेत, कोणाचे खाते किती भरले ते नव्हे. प्रत्येकाचे काय आहे ते त्याला आणि ज्याचे ते काम आहे त्या कर्मचाऱ्याला दिसावे. चावडीवर लावायच्या याद्या आणि कपाटात ठेवायची कागदपत्रे यांत जो भेद आपण पूर्वीपासून पाळत आलो, तोच इथे पाळायचा.

साधन कोणते घ्यायचे यावर आता चर्चा होईल, दरपत्रके येतील. एकदम सगळ्या कार्यक्षेत्रात नवे साधन घालू नये असे सुचवावेसे वाटते. एक बागायती गट आणि एक रेंज नसलेला डोंगराकडचा गट घ्यावा. लागणीपासून तोडीपर्यंत वही आणि नवे साधन दोन्ही शेजारी-शेजारी चालवावेत. महिन्यातून एकदा दोन्हींतली वीस-पंचवीस शेते काढून प्रत्यक्ष बांधावर जाऊन पडताळावीत. ज्या फॉर्ममध्ये दहाच्या वर प्रश्न आहेत तो चिटबॉयकडून खरा भरून घेता येत नाही, तो मग एकच उत्तर खालपर्यंत ओढतो. तेव्हा प्रश्न कमी ठेवावेत आणि फॉर्म ठरवताना चिटबॉयला खुर्ची देऊन बसवावे. त्याला जेवढे माहीत असते तेवढे सॉफ्टवेअरवाल्याला माहीत नसते.

सभासदांकडून मात्र दोन कामे लगेच होण्यासारखी आहेत. कारखान्याच्या दप्तरी आपला जो मोबाइल नंबर आहे तो चालू आहे का, हे बघावे. पुष्कळ ठिकाणी ऊस आईच्या किंवा बायकोच्या नावावर असतो आणि नंबर पुण्याला नोकरीत असलेल्या मुलाचा असतो. संदेश तिकडे जातात, इकडे कोणाला पत्ता नसतो. आणि नोंद दिल्यावर पावती किंवा संदेश आला की तो तिथल्या तिथे वाचावा. सभासद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागण तारीख, एवढेच बघायचे असते. क्षेत्रापुढे हेक्टर की एकर ते छापलेले असावे, आणि तारखेतला महिना आकड्यात न देता अक्षरांत द्यावा, 'जुलै' म्हणजे जुलै, असा आग्रह गट कार्यालयात जरूर धरावा. चूक दिसली तर पावती घेऊन त्याच आठवड्यात यावे. तोडी सुरू झाल्यावर पाळीपत्रक हलवायला गेले, की एकाची पाळी पुढे येताना चार जणांची मागे जाते.